नाटकाची कादंबरी करताना गप्प पात्राचं काय करायचं?

तालीममास्तर
आधी नाटकाची कादंबरी करायची आणि मग तिचं ऑडिओबुक काढायचं, हा द्राविडी प्राणायाम मला पटत नाही. नाटक ऐकवायचंच असेल तर चांगले नट घ्या आणि संहिताच ध्वनिमुद्रित करा. अगाथा ख्रिस्ती यांच्या 'ब्लॅक कॉफी' (१९३०) या नाटकाची चार्ल्स ऑस्बर्न यांनी १९९८ मध्ये कादंबरी केली. नाटकातले संवाद तसेच ठेवून रंगसूचनांची वाक्यं केल्यासारखी ती वाटते. कोण कुठल्या दारातून आला, कुठे बसला, हे प्रेक्षकाला एका नजरेत दिसतं. वाचकाला ते सगळं वाचत बसावं लागतं.

माझी खरी अडचण गप्प पात्राची आहे. समजा, दोन भाऊ घर विकण्यावरून भांडताहेत आणि बहीण खिडकीशी पाठमोरी उभी आहे. प्रेक्षक ऐकतो भावांना, पण बघतो तिच्याकडे. कादंबरीत 'ती निमूट ऐकत होती' असं लिहिलं की सगळी मजा गेली. नाही लिहिलं तर ती तिथे नाहीच!

पानगळ
अजिबात सहमत नाही. एक रूपांतर फसलं म्हणून सगळ्यांनाच का मोडीत काढताय? जे. एम. बॅरी यांचं 'पीटर पॅन' १९०४ मध्ये रंगभूमीवर आलं आणि १९११ मध्ये त्यांनी स्वतःच त्याची कादंबरी केली. त्यातला निवेदक ऐका जरा. मुलांच्या आईबद्दल तो आधी तुच्छतेने बोलतो आणि थोड्याच वेळात 'मला तीच सगळ्यांत आवडते' म्हणतो. असा लहरी, लोभस माणूस कादंबरीमुळेच भेटतो.

तुमच्या बहिणीचंही तसंच. अख्खा प्रवेश तिच्या कानांनी लिहा. भाऊ तिच्या पाठीमागे आहेत, म्हणजे तिला फक्त चढलेला आवाज आणि सरकलेली खुर्ची कळते. थोरला बोलायचा थांबतो आणि काचेत तिला धाकट्याचं प्रतिबिंब दिसतं: तो तिच्याकडेच बघतोय. नाट्यगृहात शेवटच्या रांगेला हे कसं दिसणार?

कानसेन
थोडा हिशोब मांडतो. ऑडिओबुकचा निवेदक मिनिटाला साधारण दीडशे शब्द वाचतो. साठ हजार शब्दांची कादंबरी साडेसहा तासांच्या पुढे जाते. दोन तासांच्या नाटकात फार तर अठरा-वीस हजार शब्द असतात. वरच्या चाळीस हजारांत पानगळ म्हणतात तसं काचेतलं प्रतिबिंब हवं, सोफ्याचं वर्णन नको.

आणि आवाज एक की अनेक, हे लिहिण्याआधी ठरवा. प्रत्येक पात्राला वेगळा नट असेल तर 'तो म्हणाला' दर वाक्यामागे कानाला टोचतं. एकच निवेदक असेल तर तिघांच्या भांडणात 'तो म्हणाला'शिवाय भागत नाही. माझं मत एका आवाजाला. सगळे नट घेतले की ते नभोनाट्य होतं, मग कादंबरी लिहिलीच कशाला?

तालीममास्तर
पानगळ, तुमचा प्रवेश सुंदर आहे, पण तो आता एकट्या बहिणीचा झाला. नाटककाराने तिघांनाही रंगमंचावर ठेवलं होतं, कुणाकडे बघायचं ते प्रेक्षकावर सोडलं होतं. तुम्ही ती निवड त्याच्याकडून काढून घेतली. शिवाय पॉजचं काय? नट स्तब्ध उभा असतो तेव्हा नाट्यगृह श्वास रोखून धरतं. ध्वनिमुद्रणात तेवढीच शांतता आली की ऐकणारा फोन तपासतो.

पानगळ
निवड पूर्णपणे प्रेक्षकाची कधी होती? दिग्दर्शक बहिणीला मध्यावर आणतो, प्रकाशयोजनाकार भावांवरचा उजेड उतरवतो, की आपली मान आपोआप वळते. निवेदक तेच काम शब्दांनी करतो. पॉजबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. तिथे नुसती शांतता चालणार नाही, लेखकाला काहीतरी लिहावंच लागेल. त्या दोन-तीन ओळींसाठीच मला कादंबरी हवी आहे.

कानसेन
मग त्या ओळी कादंबरीकाराने आधी मोठ्याने वाचाव्यात आणि ज्याने नाटक पाहिलेलं नाही अशाला ऐकवाव्यात. खिडकीशी कोण उभं आहे हे त्याला विचारावं लागलं, तर प्रवेश पुन्हा लिहायचा.

तालीममास्तर
एवढी अट पाळणार असाल तर ऐकेन. पण संहितेचं ध्वनिमुद्रणही शेजारी ठेवा, मला दोन्ही लागोपाठ ऐकायचंय.