अनुभव धागा : ज्येष्ठांचं चालणं आणि घराभोवतीचा रस्ता

ज्येष्ठांचे चालण्याचे गट चालवणारे, फिजिओथेरपिस्ट, रस्ते आखणारे अशा सगळ्यांनी इथे लिहावं. 'रोज चाला' सोडून. काय मोजायचं, कुठे बिघडतं, एवढंच.

*

आधी सिग्नल बघा. पादचाऱ्यांच्या दिव्याची वेळ ठरवताना बऱ्याच ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर वेग धरतात. उतारवयात अनेकांचा वेग ०.८ च्या आसपास येतो. म्हणजे १२ मीटरचा रस्ता एकाला १० सेकंदांचा, दुसऱ्याला १५ चा. घोळ त्या ५ सेकंदांत होतो.

वेग घरीच काढता येतो. ६ मीटरचा पट्टा आखा आणि दोन्ही टोकांना दोनतीन पावलं जास्तीची सोडा, कारण सुरुवातीला आणि थांबताना चाल मंदावते. नेहमीच्या चालीने लागलेल्या सेकंदांनी ६ ला भागा. वेग कमी निघाला तर ऐन चालू हिरव्यात उतरू नका, पुढचा लागू द्या. दुभाजकावर उभं राहायला नीट जागा असेल तर रस्ता दोन टप्प्यांत ओलांडावा.

*

बाक. बैठकीची उंची ४५ सेंमीच्या आसपास, पाठ आणि हात दोन्ही हवेत. हात नसलेल्या बाकावर बसता येतं, उठताना पंचाईत. बिनपाठीचे कट्टे फोटोपुरते छान.

*

१०,००० पावलांचा आकडा १९६५ च्या एका जपानी पावलं-मोजणी यंत्राच्या जाहिरातीतून रुळला. साठीनंतर ६,००० ते ८,००० च्या पुढे फायदा फारसा वाढताना दिसत नाही, त्यामुळे उरलेली पावलं भरायला रात्री दिवाणखान्यात येरझाऱ्या नकोत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत ६५ वर्षांवरच्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल आहे. ती सगळ्यांना पाठ असते. त्याच शिफारशीत आठवड्यातून ३ दिवस तोल आणि ताकद यांचे व्यायामही आहेत, ते मात्र गळतात. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीलगत टाचेला चवडा लावून चालणं, इतकं साधं आहे ते.

मध्यम म्हणजे बोलता येतं, गाता येत नाही. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब, हृदयविकारावरचं एक औषध) चालू असेल तर नाडी फार चढत नाही, तेव्हा घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नये.

*

काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. बरेच जण नेमकं उलट करतात. रोजच्या चपला-बूट घालून ताठ उभं राहा, हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. खालचं रबरी बूच झिजून गुळगुळीत झालं की ओल्या फरशीवर काठीच आधी घसरते.

आणि बायफोकल! खालच्या भिंगातून फुटपाथची कड धूसर दिसते. बाहेर बरंच चालणाऱ्यांनी फक्त लांबचा, वेगळा चष्मा करून घ्यावा.

*

गुडघेदुखीत चढापेक्षा उतार जास्त छळतो. फेरीत एक बाजू तीव्र आणि एक सौम्य असेल तर दिशा उलटवून पाहा : तीव्र बाजूने वर, सौम्य बाजूने खाली.