डीबीचं गणित सोडू नका हो

वर कुणीतरी लिहिलंय की सीडब्ल्यूएनए या वाय-फाय नेटवर्किंगच्या परीक्षेला प्रश्नसंच घोटून काढले की पुरे, डीबीचं (डेसिबल, म्हणजे सिग्नल किती पटींनी कमी-जास्त झाला ते सांगणारं माप) गणित सोडलं तरी चालतं. प्रश्नसंचांनी सवय होते हे मान्य, पण गणित सोडायला माझी हरकत आहे. ९० मिनिटांत ६० प्रश्न, आणि हेच गणित अँटेना, केबल, कव्हरेज अशा वेगवेगळ्या धड्यांतून डोकं वर काढतं. मी स्वतः पहिले दोन महिने ते टाळलं आणि सराव परीक्षांत तोंडावर आपटलो.

मला ते कळलं ते कोपरखैरण्यातल्या आमच्या वन-बीएचकेत. मोबाइलवर एक फुकटचं वाय-फाय अ‍ॅनालायझर घेतलं आणि घरभर फिरलो. राउटरसमोर उणे ४८ डीबीएम (सिग्नलची ताकद; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर). बेडरूममध्ये, मध्ये भिंत आणि आईचं साड्यांनी भरलेलं लोखंडी कपाट, तर उणे ७४. फरक २६ डीबी. आता २६ म्हणजे १० + १० + ३ + ३. दर १० ला दहापट, दर ३ ला दुप्पट, म्हणजे सिग्नल ४०० पटींनी कमी! कॅल्क्युलेटर लागलाच नाही. (कपाट हलवायची परवानगी अर्थातच मिळाली नाही.)

त्याच अ‍ॅपमध्ये २.४ गीगाहर्ट्झवर शेजाऱ्यांचे १९ राउटर दिसले, त्यातला एक चॅनल ३ वर. १ आणि ६, दोघांच्याही अंगावर येणारा. एकमेकांवर न येणारे चॅनल म्हणून १, ६, ११ च का वापरतात, ते अ‍ॅपमधल्या आलेखात एका नजरेत दिसतं.