ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया: आईसाठी एमव्हीडी, बलून की गॅमा नाइफ?

नमस्कार मंडळी,

आम्ही मालवणजवळचे. आईला (वय ६८) चेहऱ्याच्या उजव्या बाजूला ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया, म्हणजे चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या नसेचं (नर्व्हचं) दुखणं आहे. आधी दातदुखी समजून दोन दाढा काढून झाल्या, कळ तशीच. वरच्या ओठाला बोट लागलं किंवा गालावर वारा आला की करंट बसावा तशी कळ येते, काही सेकंदांत जाते, परत येते. भाकरी सुटली. पेजसुद्धा चमच्याने डाव्या कोपऱ्यातून आत सोडते, पदर गालाशी धरून. कार्बामाझेपिनच्या गोळ्यांनी सुरुवातीला छान उतार पडला, पण डोस वाढला तसं रक्तातलं सोडियम उतरलं, चालताना झोक जायला लागला. म्हणून आता ऑपरेशनचा विषय.

एमआरआयमध्ये एक धमनी नसेच्या मुळाशी टेकलेली दिसतेय. गोव्याचे सर्जन म्हणतात, एमव्हीडी (मायक्रोव्हॅस्क्युलर डीकम्प्रेशन) करा. कानामागून कवटी थोडी उघडून धमनी बाजूला सारायची, मध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवायचा. नसेला इजा करत नाहीत, त्यामुळे चेहरा सहसा बधिर होत नाही, आणि १० वर्षांनंतरही साधारण ७० टक्के रुग्णांना आराम टिकतो. धोके म्हणजे त्या कानाचं ऐकू कमी येणं, मेंदूभोवतीचं पाणी झिरपणं, क्वचित स्ट्रोक. कोल्हापूरचे डॉक्टर वयाकडे बघून बलून सुचवतात: गालातून सुई, फुगा फुगवून नस दाबायची. एक-दोन दिवसांत घरी. पण गाल बधिर होतो, चावायची ताकद काही काळ कमी होते, आणि काही वर्षांनी दुखणं उलटू शकतं. मुंबईचा भाऊ गॅमा नाइफच्या, म्हणजे नसेवर किरणांचा नेमका मारा करायच्या उपचाराच्या मागे लागलाय. टाके नाहीत हे खरं, पण गुण यायला काही आठवडे ते महिने लागतात. तोवर आईने खायचं काय, ते साहेब सांगत नाहीत.

आईची अट एकच, ओठ बधिर नको. गावच्या भजनात पहिली ओळ तीच उचलते. बीपीची गोळी सोडली तर तब्येत ठणठणीत आहे, त्यामुळे माझा कल एमव्हीडीकडे. पण या वयात कवटी उघडायची म्हटलं की हात थरथरतात. घरी कोणाचं झालंय का? बलूननंतर बोलताना, खाताना कितपत अडतं?

प्रतिसाद:

सासऱ्यांचं बलून झालंय, आम्ही रत्नागिरीचे. कळ लगेच थांबली. बधिरपणा मात्र आहे. चहा ओठावरून ओघळला तरी त्यांना कळत नाही, सासूबाई खुणावतात. बोलणं स्पष्ट आहे, गाण्याचं नाही सांगता येणार. बलून करणार असाल तर डोळ्याचं नक्की विचारा. बुबुळाची संवेदना गेली तर कचरा गेलेलाही समजत नाही. आईंची अट बघता मीही एमव्हीडीच म्हणेन. नुसत्या वयावरून नाही म्हणत नाहीत, भूलतज्ज्ञांकडून फिटनेस काढून घ्या. आणि झोक जातोय म्हणून कार्बामाझेपिन मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करतात.