जुनी डिझेल फोर-बाय-फोर घेतली आहे: पैसे आधी दुरुस्तीत घालावेत की बदलांत?

खारीगावकर

नमस्कार. गेल्या महिन्यात मी २०१४ सालची महिंद्रा थार सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनाची) घेतली. आधीचे मालक अलिबागकडचे. गाडी मुख्यतः वाडीवर खताच्या गोण्या, नारळ आणि माणसे वाहण्यात गेली असल्याचे त्यांनी प्रांजळपणे सांगितले होते, आणि ८२,००० किलोमीटरचा आकडा मला तरी खरा वाटतो. घरच्यांच्या मते ही गाडी कमी आणि छंद जास्त आहे, त्यामुळे पुढचा खर्च विचारपूर्वक करणे मला भाग आहे. हाताशी साधारण सव्वा लाख रुपये आहेत.

सध्या जाणवणाऱ्या गोष्टी अशा. सकाळी पहिल्यांदा चालू करताना स्टार्टर सहा-सात सेकंद फिरवावा लागतो आणि मग थोडा पांढरा धूर येतो. दिवसभरात पुन्हा चालू करताना मात्र काहीच त्रास नसतो. गाडी जागेवरून हलताना खालून एकदा ‘टक्’ असा आवाज येतो. मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ चॅसिसला गंजाचे पापुद्रे सुटले आहेत. सर्वांत काळजीची बाब म्हणजे सोसायटीच्या काँक्रीटच्या आवारात फोर व्हील हाय (चारही चाकांना ताकद देणारा वेगाचा गिअर) लावून वळण घेतले असता गाडी अडखळत, जणू कोणी ब्रेक धरून ठेवला आहे अशी चालली, आणि नंतर लिव्हर परत टू व्हीलमध्ये यायलाच तयार नव्हता.

माझ्या मनात २४५/७५ आर १६ मापाचे टायर, दोन इंच उंची वाढवणे, विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी चरखी) बसेल असा लोखंडी पुढचा बंपर, स्नॉर्केल (इंजिनाची हवा उंचावरून घेणारा पाइप) आणि जास्त प्रकाशाचे दिवे असे बदल आहेत. पावसाळ्याला दोन महिने उरले आहेत. कोणत्या क्रमाने जावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

तुर्भेकर मिस्त्री

सर्वप्रथम काँक्रीटवरच्या अडखळण्याबद्दल, कारण त्यात बिघाड काहीच नाही आणि त्या भीतीने लोक ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) विनाकारण उघडतात. आपल्या गाडीतील यंत्रणा पार्ट-टाइम प्रकारची आहे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यांच्या) मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन्हींना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची रचना, नाही. फोर व्हील लावल्यावर दोन्ही शाफ्ट एकाच गतीने फिरायला बांधले जातात. पण वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जात असल्याने त्यांना जास्त अंतर कापायचे असते. चिखलात किंवा वाळूत हा फरक टायर थोडा घसरून भरून निघतो. कोरड्या काँक्रीटवर टायर घसरत नाही, मग तो सगळा पीळ शाफ्ट, क्रॉस (शाफ्टचे वाकणारे सांधे) आणि गिअरच्या दातांवर साठत जातो, आणि लिव्हर अडकतो तोही त्या पिळामुळेच. अशा वेळी जोर लावू नये. सरळ रेषेत चार-पाच मीटर मागे घ्यावी, पीळ सुटतो आणि लिव्हर आपोआप मोकळा होतो. यापुढे पक्क्या कोरड्या रस्त्यावर फोर व्हील लावू नये, मात्र महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर काही किलोमीटर अवश्य चालवावी, कारण पुढचा अॅक्सल वर्षानुवर्षे न फिरल्यास त्याच्या वरच्या भागातील सील आणि बेअरिंग तेलाविना कोरडी पडतात.

‘टक्’ हा आवाज बहुधा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा असावा. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना उटी (दगड किंवा ठोकळे) लावावी, हँडब्रेक सोडावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि खाली जाऊन शाफ्ट हाताने उलटसुलट फिरवून पाहावा. क्रॉसच्या टोपीत हालचाल दिसली किंवा कडेने लालसर भुकटी आलेली दिसली, तर क्रॉस संपला आहे. शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही फ्लँजवर खूण करून ठेवावी, म्हणजे तो होता त्याच स्थितीत परत बसेल. ही खूण न केल्यामुळे क्रॉस नवीन आणि थरथर मात्र जुन्यापेक्षा जास्त, अशा गाड्या माझ्याकडे वरचेवर येतात.

आता तेले. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचे आणि मागचे डिफरन्शियल, ब्रेक आणि कूलंट हे सगळे एकदा बदलून टाकावे, म्हणजे गाडीचा हिशेब आपल्या तारखेपासून सुरू होतो. प्रत्येक ठिकाणी तेल काढण्याच्या बोल्टला हात लावण्याआधी तेल भरण्याचा बोल्ट उघडतो आहे याची खात्री करावी. तेल काढून बसलो आणि भरण्याचा बोल्ट गंजून जाम, अशी वेळ आल्यास गाडी रॅम्पवरच राहते. तेलाची प्रत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असेल तीच घ्यावी. डिफरन्शियलसाठी असलेले जीएल-५ तेल ‘जास्त चांगले’ म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतू नये, कारण त्यातील गंधकयुक्त घटक गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. निघालेले तेल स्वच्छ बाटलीत घेऊन बघावे. ते ताकासारखे पांढरट असेल तर आत पाणी गेले आहे.

घणसोलीचा डिझेलवाला

मिस्त्रींनी खालचा भाग सांगितला आहे, मी इंजिनापुरते लिहितो. सकाळी उशिरा चालू होणे आणि पांढरा धूर ही दोन लक्षणे ऐकून बहुतेक गॅरेजवाले लगेच ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारे प्लग) बदलायला सांगतात. ठाण्यात डिसेंबरच्या पहाटेसुद्धा हवा इतकी गार नसते की केवळ ग्लो प्लगमुळे कॉमन रेल इंजिनाला सहा-सात सेकंद लागावेत, त्यामुळे माझा संशय डिझेलच्या दाबावर जातो. या इंजिनात रेलमध्ये (सर्व नोझलना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत) ठरावीक दाब तयार झाल्याशिवाय कंट्रोल युनिट नोझलना, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोट्यांना, डिझेल सोडू देत नाही. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर एखाद्या सैल पाइपातून हवा शिरून डिझेल टाकीकडे उतरत असेल, किंवा झिजलेल्या नोझलमधून जास्त डिझेल परतीच्या नळीत जात असेल, तर दाब तयार व्हायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ स्टार्टर फिरत राहतो.

दोन्हींतला फरक ओळखणे अवघड नाही. सकाळी चालू करण्याआधी फिल्टरजवळचा हातपंप घट्ट होईपर्यंत दाबावा. त्यानंतर गाडी लगेच चालू झाली तर दोष हवेचा किंवा उतरलेल्या डिझेलचा आहे. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडल्यास बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. हातपंप दाबूनही फरक पडला नाही, तर चारही नोझलच्या परतीच्या नळ्या सारख्या मापाच्या चार बाटल्यांत सोडून इंजिन काही मिनिटे चालू ठेवावे. एका बाटलीत इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त डिझेल जमले, तर तेवढेच नोझल तपासायला द्यावे. ही तपासणी न करता चारही नोझल बदलायला सांगणाऱ्या माणसाकडून गाडी परत आणावी.

पांढरा धूर गाडी गरम झाल्यावर थांबत असेल तर ते न जळलेले डिझेल आहे. थांबत नसेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटपर्यंत (इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या पॅकिंगपर्यंत) विचार करावा लागेल. काळा धूर हवा कमी पडत असल्याचा, म्हणजे चोंदलेल्या एअर फिल्टरचा किंवा इंटरकूलरच्या फाटलेल्या पाइपाचा, आणि निळा इंजिन ऑइल जळत असल्याचा. इंजिन चालू असताना ऑइलची टोपी उघडून उलटी ठेवली आणि ती आतल्या वाऱ्याने उडू लागली, तर पिस्टनच्या रिंगांची स्थिती चांगली नाही असे समजावे. ही परीक्षा खरे तर गाडी घेण्यापूर्वी करायची असते, पण तुमचे तेवढे राहिले असेल तर आजच करून टाका.

पावसाळ्याआधी चॅसिसला सरसकट काळे अंडरकोटिंग मारून घ्यावे, असे मी सुचवेन.

कोपरीकर

डिझेलवाल्यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. अलिबागच्या खाऱ्या वाऱ्यात दहा वर्षे काढून आलेल्या आणि आता ठाण्याच्या खाडीकाठी उभ्या राहणाऱ्या गाडीच्या गंजावर डांबरी थर चढवला, तर मीठ आणि ओल त्या थराखालीच कोंडली जाते आणि बाहेरून चकचकीत दिसणारी चॅसिस आतून दुप्पट वेगाने कुजते. आधी गाडी उचलून दाबाच्या गोड्या पाण्याने, विशेषतः चॅसिसच्या पोकळ भागांत पाइप घालून, धुवावी आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावी. मग हातोडीने वीत-वीत अंतरावर ठोकत जावे. निरोगी लोखंड खणखणीत वाजते, खाल्लेले बद्द वाजते. जिथे टोकदार स्क्रूड्रायव्हर आत जातो तिथला पत्रा कापून नवीन जोडल्याशिवाय इलाज नाही, आणि वेल्डिंग करताना बॅटरी व कंट्रोल युनिटच्या जोडण्या आधी काढायला लावाव्यात. गंज खरवडून, प्राइमर देऊन, मगच वरचा थर, आणि पोकळीत मेणयुक्त गंजरोधक फवारा. पाणी निघून जाण्याची छिद्रे बुजवली जाणार नाहीत याकडे स्वतः उभे राहून लक्ष द्यावे, कारण कारागीर ती हमखास बुजवतात. हँगरजवळचे पापुद्रे मला तुमच्या यादीतील इतर सर्व गोष्टींपेक्षा गंभीर वाटतात. इंजिन दुरुस्त होते; चॅसिस मोडली तर गाडी संपते.

बदलांविषयी. सध्याच्या २३५/७० आर १६ टायरचा व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर आहे आणि २४५/७५ चा सुमारे ७७४. म्हणजे जमिनीपासूनची उंची त्याच्या निम्म्याने, १९ मिलिमीटरने वाढेल. त्या बदल्यात मीटरवर ८० दिसत असताना गाडी प्रत्यक्षात ८४ च्या वेगाने जात असेल, चढावर गिअर जड वाटेल आणि क्लचवरचा भार वाढेल. मूळ मापातच ऑल-टेरेन प्रकारचे पाच टायर घेतले, तर तुम्हाला हवी असलेली बहुतेक पकड मिळते. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले असणे अशा गाडीत चैनीचे नाही, कारण वर मिस्त्रींनी सांगितलेला पीळ वेगवेगळ्या व्यासाच्या टायरमुळे सरळ रस्त्यावरही तयार होतो. सध्याच्या टायरच्या बाजूचा चार अंकी आकडाही वाचून ठेवावा: २३१४ असेल तर तो २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला, मग नक्षी कितीही शिल्लक असो, तो काढायलाच हवा.

उंचीबद्दल सांगायचे तर या थारला पुढे स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचे काम करणाऱ्या सळ्या) आहेत आणि बोल्ट पिळून पुढची बाजू अर्ध्या तासात उचलता येते. त्यामुळेच हा मोह स्वस्त वाटतो. पण त्याने पुढच्या शाफ्टच्या जॉइंटचे कोन वाढतात, रबरी बूट फाटतात, आणि चाकाला खाली जायला जागा न उरल्याने गाडी खड्ड्यात आपटते.

बंपरबाबत कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत तिच्याशी विसंगत बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली, आणि बुल बारविरुद्ध (पुढच्या जादा लोखंडी बंपरविरुद्ध) कारवाई करण्यास केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. दंडापेक्षा मोठी अडचण विम्याची आहे: न कळवलेल्या बदलांचे कारण दाखवून दावा अडकू शकतो. फॉर्म २९ आणि ३० भरून नावबदल झाला नसेल, तर तो आधी करावा. २०२९ मध्ये गाडीला पंधरा वर्षे होतील आणि नोंदणी नूतनीकरणासाठी तिची तपासणी होईल, तेव्हाही हे बदल समोर येणारच आहेत.

घणसोलीचा डिझेलवाला

अंडरकोटिंगबाबत कोपरीकरांचे म्हणणे मान्य आहे. मी स्वच्छ चॅसिस गृहीत धरून लिहिले होते. स्नॉर्केलविषयी एक भर. हवा घेण्याचे तोंड उंच केल्याने फक्त इंजिनात पाणी जाणे टळते. ते महत्त्वाचे आहेच, कारण पाणी दाबले जात नाही, पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी कधीही पुन्हा स्टार्टर मारून पाहू नये. पण त्याआधी पाणी शिरते ते अॅक्सलमध्ये. तापलेला अॅक्सल पाण्यात बुडाला की आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर करणाऱ्या छिद्रातून) किंवा सीलमधून पाणी ओढून घेते. दोन्ही अॅक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचे ब्रीदर रबरी नळीने बॉनेटच्या उंचीपर्यंत नेणे हा काही शे रुपयांत होणारा आणि माझ्या मते या संपूर्ण यादीतील सर्वांत उपयोगी बदल आहे.

दिव्यांसाठी १०० वॉटचे बल्ब लावू नका. मूळ वायरिंग ६०/५५ वॉटसाठी आहे. दोन १०० वॉटचे बल्ब मिळून सोळा अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतात आणि आधी होल्डर, मग स्विच वितळतो. स्वतंत्र रिले, फ्यूज आणि जाड वायर टाकून मूळ वॉटचेच बल्ब लावले, तरी प्रकाशात फरक पडतो, कारण जुन्या वायरिंगमध्ये वाया जाणारे व्होल्टेज बल्बपर्यंत पोहोचते.

खारीगावकर

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. हातपंप दाबल्यावर गाडी पहिल्या सेकंदात चालू झाली. फिल्टरच्या आधीच्या नळीची क्लिप गंजून सैल झाली होती, नळी आणि क्लिप बदलल्यापासून सकाळचा त्रास आणि धूर दोन्ही गेले. मागच्या शाफ्टचा एक क्रॉस संपला होता, तो बदलला. चॅसिसचा हँगरजवळचा हातभर भाग खरोखरच बद्द वाजला आणि कापावा लागला. जवळजवळ निम्मे पैसे तिथेच गेले. मागच्या डिफरन्शियलचे तेल काळे पण ठीक होते, पुढच्या डिफरन्शियलचे मात्र ताकासारखे निघाले. ब्रीदर वर नेले आहेत. टायर मूळ मापात घेतले, उंची आणि बंपर यादीतून काढले.

पुढच्या डिफरन्शियलमध्ये नवीन तेल भरून तसेच चालवावे, की उघडून बेअरिंग पाहावीत?

तुर्भेकर मिस्त्री

लगेच उघडू नये. पाचशे किलोमीटर चालवावी, त्यांतले वीस-पंचवीस कच्च्या रस्त्यावर फोर व्हीलमध्ये, आणि मग तेच तेल पुन्हा स्वच्छ बाटलीत काढावे, म्हणजे कोपऱ्यांत राहिलेले पाणीही बाहेर येईल. बोल्टच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप असेल तर तो नेहमीचा आहे. त्यात चिमटीत येतील असे कण असतील किंवा सरळ रस्त्यावर घरघर ऐकू येत असेल, तरच बेअरिंगसाठी उघडावे. तेल पुन्हा पांढरट निघाले, तर पाणी अजून कुठून तरी येते आहे. तेव्हा आधी पिनियनचे (शाफ्ट जिथे डिफरन्शियलला जोडतो तिथल्या गिअरचे) सील आणि अॅक्सलच्या टोकांची सील बघावीत.