विलंबमाफी : माफी कशाची?

काल कोल्हापुरात सीपीआर दवाखान्यासमोर, हायकोर्टाच्या सर्किट बेंचजवळच्या चहाच्या गाड्यावर एक काका कागद घेऊन उभे. मुलाला सेशन कोर्टात शिक्षा झालेली, अपिलाला उशीर झालेला. कागदावर 'विलंबमाफीचा अर्ज'. काका येईल त्याला सांगत होते, "माफीचा अर्ज दिलाय, पोरगं सुटतंय आता." 'विलंबमाफी' हा शब्दच चुकीचा आहे का?

— चुकीचा नाही, पण अर्धवट ऐकला की घात करतो. माफ होतो तो उशीर. गुन्हा नव्हे, शिक्षाही नव्हे. अर्ज मंजूर झाला तर अपील ऐकायला घेतात, बस्स. त्यात तुरुंगात शिक्षेतले जे दिवस कमी होतात त्यांनाही 'माफी'च म्हणतात, मग काकांचा काय दोष? सरकारी मराठीत 'विलंब क्षमापित करणे' आहे. ते बरोबर असेल, पण चहाच्या गाड्यावर कोण म्हणणार! मी 'उशीर पोटात घालणे' म्हणतो.

— कायद्याची अट 'पुरेसे कारण' अशी आहे, 1963 च्या मुदतीच्या कायद्याचं कलम 5. इथं 'सबब' शब्दाची गंमत बघा. अर्जात 'सबब विनंती की' म्हणजे 'म्हणून'. घरात 'सबबी सांगू नको' म्हणजे बहाणे. कोर्टाला कारण हवं, सबब नको. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद जोडा. उशिराच्या प्रत्येक दिवसाचा हिशोब द्यायचा म्हणजे तासातासाचा नव्हे, हे सुप्रीम कोर्टानं 1987 मध्येच सांगितलंय.

— 'अपिल' की 'अपील'?

— अपील दीर्घ, अपिलात ऱ्हस्व. जमीन, जमिनीत तसं.

— शब्द राहू दे भावा, आधी मुदत मोजा. सेशनच्या शिक्षेवर हायकोर्टात 60 दिवस, फाशी असेल तर 30. मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेवर सेशनला 30. निकालाचा दिवस धरत नाहीत आणि निकालाची नक्कल मिळण्यात गेलेले दिवसही वजा होतात. नकलेवरच्या शिक्क्यात तारखा असतात: अर्ज कधी, तयार कधी, दिली कधी.

— आज काकांची नक्कल बघितली. निकालापासून 74 दिवस झालेत, त्यातले 9 नकलेत गेले. म्हणजे कारण द्यायचंय ते 5 दिवसांचं. काका म्हणाले, "एवढ्यासाठी माफी मागायची व्हय?"