भावाला मनाच्या डॉक्टरकडे न्यायचंय, घरचे "लोक काय म्हणतील" वर अडलेत

बागायतदाराची_लेक
नमस्कार. आमचं गाव तासगाव तालुक्यात, घरची द्राक्षबाग आहे. धाकटा भाऊ २६ चा, चार वर्षं पुण्यात एमपीएससी करत होता, दोनदा मेन्सपर्यंत गेला आणि या गणपतीला घरी आला तो परत गेलाच नाही. दिवसभर माडीवर पडून असतो, रात्री दोन-तीनला फेऱ्या मारल्याचा आवाज येतो, जेवण म्हणजे अर्धी भाकरी तीही आईनं चारदा हाक मारल्यावर. आई म्हणते बाहेरचं काहीतरी झालंय, दोन ठिकाणचा अंगारा आणून झाला. आबा म्हणतात आळस भरलाय, ऑक्टोबर छाटणी लागली की लावतो कामाला. मी डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणे "त्याला काय येड लागलंय का, गावात कळलं तर तुझं लग्न कुठं जमायचं?" म्हणजे माझ्या लग्नासाठी त्यानं असंच पडून राहायचं का, रात्रभर झोप नाही लागली मला. कुठं न्यायचं, सरकारीत नेलं तर नाव कुठं जातं का, आणि आबांना कसं समजवायचं, कुणी अनुभव असेल तर प्लीज सांगा.

सिस्टर_मिरज
ताई, बाकीचं नंतर, फवारणीची औषधं कुठं ठेवता ते आधी बघ. बऱ्याच घरांत माडीवर नाहीतर जिन्याखाली असतात. आजच्या आज ती उचलून दुसऱ्याच्या घरी कुलपात टाका. मी कॅज्युअल्टीला ड्युटी केलीय, तो वाईट क्षण पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो गं, तेवढ्यात हाताशी बाटली नसली तर माणूस वाचतो.
आणि त्याला सरळ विचार, "मरावंसं वाटतं का रे?" विचारल्यानं डोक्यात विचार घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर क्षणभर एकटं सोडू नको आणि थेट दवाखाना गाठा, कॅज्युअल्टी रात्री पण चालू असते.
सांगलीला सिव्हिलमध्ये मनोविकार विभाग आहे, मिरजेचं मेडिकल कॉलेज त्यालाच जोडलेलं आहे. केस पेपर काढायचा, बाकी पेशंटसारखंच. गोळ्या लिहून देतात ते मनोविकारतज्ज्ञ, समुपदेशक बोलून मदत करतात, कधी दोन्ही लागतं. तो यायला तयार नसेल तर १४४१६ ला फोन लाव, टेली मानस, सरकारी आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं, आधी तूच बोल. नावाचं म्हणशील तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क लिहिलेला आहे.

शिवार७७
डॉक्टरला दाखवा पण बाहेरचं पण एकदा बघून घ्या, आमच्याकडं एक जाणता आहे त्यानं पुष्कळ लोकांना बरं केलंय.

विटेकर_दादा
@शिवार७७ आईला देवाला जायचं तर जाऊ दे, त्यानं तिला धीर येतो, पण औषध थांबवायला सांगणाऱ्याच्या नादी लागू नका. माझे आठ महिने त्यातच गेले.
ताई, मी स्वतः गोळ्या घेतलेला माणूस आहे. पहिले दोन-तीन आठवडे काहीच फरक वाटत नाही, तोंड कोरडं पडतं, झोप झोप होतं. मी दहाव्या दिवशी स्वतःच बंद केल्या आणि परत पडलो, ते त्याला करू देऊ नको. गोळ्या मी कपाटात कपड्यांच्या खाली लपवायचो. बायकोनं एक दिवस उचलून चहा-साखरेच्या डब्याशेजारी ठेवल्या, वडिलांच्या बीपीच्या गोळ्यांच्या बाजूला. कोण आलं गेलं तरी तिथंच. लोकांनी दोन-चार दिवस विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं.
आबांशी डिप्रेशन वगैरे शब्द काढू नको. म्हणावं, पोराला झोप नाही, अन्न जात नाही, हे दाखवायला नको का? द्राक्षावर दावण्या रोग आला की बागेला "मन घट्ट कर" म्हणता का आबा, का रातोरात फवारणी घेता? आणि हे तू नको सांगू, ज्यांचा शब्द ते मोडत नाहीत अशा माणसाला सांगायला लाव. लग्नाचं म्हणशील तर माझ्या बहिणीच्या वेळी आम्ही समोरच्यांना सरळ सांगितलं होतं, जमलं.

बागायतदाराची_लेक
नऊ दिवसांनी लिहितेय, सॉरी. औषधाचे डबे खरंच माडीवरच होते, त्याच्या खाटेपासून चार पावलांवर. सगळे त्याच दिवशी चुलत्यांच्या शेडमध्ये कुलपात टाकले. रात्री त्याला विचारलं. बराच वेळ गप्प होता, मग भिंतीकडं बघत "कधी कधी" म्हणाला आणि रडायला लागला, मी पण. लगेच १४४१६ लावला, त्या मॅडम अर्धा तास त्याच्याशी बोलल्या, कॅज्युअल्टीला न्या म्हणाल्या. मामांना बोलावून त्यांच्या गाडीतून रात्रीच सिव्हिलला नेलं. आबा येणार नाही म्हणत होते, गाडी सुरू झाल्यावर टोपी घालून आले आणि पुढं बसले. सकाळी खिडकीवर केस पेपरवाल्यानं विभाग विचारला तर मी बोलायच्या आत आबाच म्हणाले, "मनोविकार. माझा पोरगा हाय." मागं आमच्या गावचे दोघे उभे होते.
रक्त, थायरॉईड तपासलं, गोळ्या चालू केल्यात, पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. त्याला सकाळी मळमळ होते, हे चालतं का?

सिस्टर_मिरज
बऱ्याच जणांना सुरुवातीला होतं, पण डॉक्टरला सांगायचंच. जेवणानंतर घेतली तर चालेल का ते फोन करून विचार, मनानं बंद मात्र करू नका. रात्री जवळ कोण झोपतं?

बागायतदाराची_लेक
आबा.