शनिवारी परत मुलाखत आहे, समोर बसलं की बोलताच येत नाही. मदत हवी

रंकाळाकाठ: तीन मुलाखती झाल्या. तिन्हीकडं "कळवतो" म्हणाले, कुणी कळवलं नाही. लेखी टेस्ट दरवेळी पास होतो, पण समोर बसलो की गप्प होतो. घरात सगळं येतंय. शनिवारी पुण्यात परत आहे. "आत्मविश्वास ठेव" सोडून नेमकं काय करायचं ते सांगा. लवकर.

उद्यमनगरचा: भावा, पोस्ट कुठली? फ्रेशर का अनुभव आहे? अडकतोस ते कुठल्या प्रश्नाला? यातलं काहीच लिहिलं नाहीस, मग सांगायचं काय?

सायबरचौक: इंग्रजी. दुसरं काही नाही. मी सहा महिने रोज इंग्रजी अग्रलेख मोठ्यानं वाचला, त्यानंतर नोकरी लागली. तेवढं कर.

कागलकर: आज बुधवार आहे. सहा महिने कुठनं आणायचे त्यानं? आणि मी फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, माणसं घेतो, अग्रलेख वाचून शॉपवरच्या प्रश्नाचं उत्तर येत नसतं.

सायबरचौक: माझं आलं. तुमच्याकडं मराठीत चालत असेल, पुण्यात नाही चालत.

अभ्यासिका: मुलाखत जमत नसेल तर सरकारी भरती बघ. केंद्रात गट क आणि अराजपत्रित गट ब च्या पदांना १ जानेवारी २०१६ पासून मुलाखतच नाही. बँकेच्या क्लार्कलाही नाही.

रंकाळाकाठ: सरकारी नकोच आहे मला. मेकॅनिकल डिप्लोमा, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत दोन वर्षं क्वालिटीला आहे. पोस्ट क्वालिटी इंजिनिअरची. आणि भावा नव्हे, मुलगी आहे मी. खरं तर घोळ तिथंच झाला. पहिल्या मुलाखतीत "मी पहिल्या पाळीला जायचो" म्हटलं. समोरचे साहेब हसले, "जायचो?" म्हणाले. तेव्हापासनं प्रत्येक वाक्याला आधी 'जाते का जातो' बघतो आणि तेवढ्यात उत्तर निसटतं.

उद्यमनगरचा: चुकलं ताई. पण हे पहिल्यांदाच लिहायला पाहिजे होतं.

कोथरूडवासी_कोल्हापूरकरीण: मीही 'आलो-गेलो'च बोलायचे. पुण्यात आल्यावर महिनाभरात 'आले-गेले' सवयीचं झालं. बदलून टाक, अवघड नाही.

बिंदूचौक: का बदलायचं? माझी आजी, आई, बहीण, सगळ्या 'आलो' म्हणतात. हसणाऱ्याला आपली बोली माहीत नाही, यात हिची काय चूक?

कोथरूडवासी_कोल्हापूरकरीण: चूक म्हटलं नाही मी. पण नोकरी तिला पाहिजे ना?

उद्यमनगरचा: सांगलीकडंही बायका असंच बोलतात की.

कागलकर: ते भांडण नंतर करा. पोरी, कुठल्या प्रश्नाला अडलीस, तेवढं सांग.

रंकाळाकाठ: ब्लोहोल, म्हणजे ओतलेल्या पार्टमधल्या पोकळ्या, कशानं येतात. "साच्याच्या सँडमुळं" म्हटलं आणि थांबलो.

कागलकर: हे तर कुणीही सांगेल. तुझ्या हातनं निस्तरलेली एखादी केस लिही इथं. पार्ट कुठला, रिजेक्शन किती, काय बघितलंस, काय बदललंस.

रंकाळाकाठ: पंपाच्या हाउसिंगला ब्लोहोल यायचे. शंभरात सात-आठ. आठवडाभर साच्यांच्या पेट्यांचे नंबर लिहून ठेवले, तर बहुतेक सकाळच्या पहिल्या पेट्यांतले निघाले. सँडचा ओलावा तपासला, साडेचार टक्के. आमची मर्यादा तीन ते चार. ओतकाम झालं की जादा पाण्याची वाफ होते, ती बाहेर पडली नाही की धातूत पोकळी राहते. सकाळच्या पहिल्या मिक्सिंगला पाणी अंदाजानं पडत होतं. टेस्ट झाल्याशिवाय मोल्डिंग चालू करायचं नाही, असं सुपरवायझरांशी बोलून ठरवलं. महिन्याभरात शंभरात दोनवर आलं.

कागलकर: तीन मुलाखतींत हे एकदाही सांगितलं नाहीस?

रंकाळाकाठ: नाही.

कागलकर: शनिवारी ब्लोहोलचा प्रश्न आला तर हेच सांग, ह्याच क्रमानं. नाही आला तर "तुमच्या कामाबद्दल सांगा" म्हणतीलच, तिथं सांग. आणि तू लिहिलेली क्रियापदं बघ. नंबर लिहिले, ओलावा तपासला, ठरवलं. हे मी सांगितलं असतं तरी असंच सांगितलं असतं. 'जायचो-जायचे' आलंच कुठं?

कोथरूडवासी_कोल्हापूरकरीण: अगं खरंच. केलेल्या कामाचं सांगताना क्रियापद कामाच्या मागनं जातं, बोलणाऱ्याच्या नाही.

रंकाळाकाठ: मी नोंद ठेवली, मी टेस्ट घेतली, मी अहवाल दिला. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आज रात्री फोनवर रेकॉर्ड करून ऐकतो.

सायबरचौक: आणि इंग्रजीत विचारलं तर?

रंकाळाकाठ: मॉइश्चर, ब्लोहोल, रिजेक्शन. शब्द रोजचेच आहेत. दोन्हीत रेकॉर्ड करतो.